टोपलीतले तपकिरी बटू

ती. मावशीस,

तुझ्या लाल पेन्सिलीला आणि ती कानामागे खोचून घरभर शोधण्याच्या तुझ्या सवयीला साष्टांग नमस्कार. काकांनाही नमस्कार. इकडे मी खुशाल आहे, एक अक्कलदाढ सोडली तर सगळं जागच्या जागी आहे. तुझे गुडघे, काकांचा खोकला आणि जिन्याचा तो सैल कठडा कसा आहे ते कळव. अक्षर एवढं मोठं का काढलंय असं तू विचारशील, म्हणून आधीच सांगते: पेन जाड आहे. दुसरं काहीही कारण नाही. डोळ्यांचा विषय काढायचा नाही अशी आईने मला शपथ घातली आहे (मागे एकदा मी मोतीबिंदू हा शब्द उच्चारला, तर पुढचे दोन महिने तू फोनवर फक्त हवेबद्दल बोललीस), तेव्हा मी तो काढणार नाही. चार वर्षं तू सांगते आहेस की तुझे डोळे ठणठणीत आहेत, हल्ली छपाईच फिकट करतात. असेल बाई. हे पत्र तू स्वतःच वाचते आहेस असं मी धरून चालते. (काका, घसा साफ करून घ्या. तुम्ही तीस वर्षं बसस्थानकाच्या माईकवर गाड्यांच्या वेळा सांगितल्यात हे मान्य, पण प्रत्येक परिच्छेद दोनदा वाचायची गरज नाही. आणि कंसातलं वाचायचं नसतं. अर्थात हे सांगून उपयोग नाही. समोर आलेला कागद वरपासून खालपर्यंत वाचायचा हा तुमचा धर्म आहे, आणि 'ही सूचना वाचू नये' असा शेरा मारलेली सूचना तुम्ही शेऱ्यासकट वाचली होतीत, हे मला मावशीनेच सांगितलंय.)

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की मला तुझे आभार मानायचे आहेत. फोनवर मानायला गेले तर तू 'दूध उतू जातंय' म्हणून ठेवून देतेस. तुझ्या घरी मी कॉलेजची चार वर्षं राहिले, तेवढ्या काळात दूध एकदाही उतू गेलेलं मला आठवत नाही. कौतुकाचा शब्द कानावर आला की मात्र ते हमखास उतू जातं. तेव्हा आता कागदावरच मानते. कागद तुला टाळता येत नाही.

पण त्याआधी मी इथे नक्की काय करते ते एकदा नीट सांगते, कारण आई शेजारणींना सांगत फिरते की आमची मुलगी दुर्बिणीला डोळा लावून बसते. मी ती दुर्बीण पाहिलेलीसुद्धा नाही. ती वर अवकाशात आहे आणि मी तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या शेजारी, जिथे बारा महिने मशीनचाच उन्हाळा असतो. तिच्याकडून फोटो येतात. एका फार म्हाताऱ्या तारकागुच्छाचे. तारकागुच्छ म्हणजे लाखो तारे एकाच सुमाराला जन्मलेले आणि तेव्हापासून एकत्रच राहिलेले. (बारा अब्ज वर्षं एकत्र कुटुंब. आपल्याकडे आई आणि मामी एका स्वयंपाकघरात बारा मिनिटं टिकत नाहीत.) एकाच वर्गातली मुलं बऱ्याच वर्षांनी भेटली की कोणाचं काय झालं ते चटकन कळतं, तसंच इथे. मोठे, उधळे तारे केव्हाच आटोपले. राहिलेत ते बहुतेक काटकसरी: लहान, लालसर, मिणमिणते. जपून जळतात, म्हणून अजून जळताहेत. आणि त्यांच्याहूनही लहान जे निपजले, त्यांची चूल कधी पेटलीच नाही. जन्माला येताना अंगात जी ऊब होती तेवढ्यावरच त्यांनी दिवस काढले, आणि तेव्हापासून निवत चाललेत. त्यांना तपकिरी बटू म्हणतात. (ते तपकिरी नाहीत. काळपट लाल असावेत. नाव कोणी ठेवलं ते मला विचारू नकोस, त्याचं प्रूफ तुझ्याकडे आलं असतं तर परत गेलं असतं.) इतक्या वर्षांत पेटलेले आणि न पेटलेले यांच्यात एवढं अंतर पडलंय की मध्ये जवळजवळ कोणीच नाही, वर्गातला एक बाक रिकामा असावा तसं. त्या रिकाम्या बाकाच्या पलीकडे कोणी बसलंय का, एवढं बघायचं हे माझं काम. महिनाअखेर माझी मुदत संपत होती. पलीकडे कोणी सापडलं तर दोन वर्षांची वाढ, नाही सापडलं तर माझा कप आणि खुर्चीवरची उशी उचलून मी घरी.

आता माझा पराक्रम ऐक. आमच्याकडे त्याच गुच्छाचे दोन फोटो आहेत, एक जुना आणि एक त्यानंतर बारा वर्षांनी काढलेला. अंधुक ठिपके दोन्हींत हजारोंनी आहेत, आणि त्यातले कितीतरी नुसता कचरा: यंत्राचे डाग, भटके किरण, काय वाट्टेल ते. म्हणून मी संगणकावर एक चाळणी बनवली. दोन्ही फोटो एकावर एक बसवले. बसवताना खुणेला धरल्या दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्याही बाहेरची, अफाट लांबची ताऱ्यांची परकी गावं, कारण ती इतकी लांब आहेत की बारा वर्षांत हललेली दिसत नाहीत. मग नियम लावला: जो अंधुक ठिपका दोन्ही फोटोंत अगदी त्याच जागी असेल तो खरा, जो जागेवर नसेल तो खोटा, आणि खोटा तो टोपलीत. सगळं कसं चोख. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की त्या चाळणीचं नाव मी 'मावशी' ठेवलं. (आता बदललंय.)

चाळणीतून अठरा ठिपके उरले. बरोबर रिकाम्या बाकाच्या पलीकडे, अंधुक, लालसर, अठरा. मी आनंदाने वेडीपिशी झाले. खरं तर त्याच दुपारी कोणाला तरी दाखवायला हवे होते, पण उतावळेपणा आपल्या घराण्यात मुरलेला आहे (तुझ्यात नाही, आईच्या बाजूने आलाय. तुम्ही सख्ख्या बहिणी आहात हे मला कळतं, तरी तो आईच्याच बाजूने आलाय). मी केक आणला. त्यावर चॉकलेटचे अठरा ठिपके लावून घेतले, ते फोटोत आहेत त्याच मांडणीत, आणि बेकरीवाल्याला 'हा ठिपका जरा डावीकडे' असं सांगत पाऊण तास उभी राहिले. सगळा विभाग जमला. आमच्या प्रमुखबाई, ज्या कोणाच्याही कशावरही विश्वास ठेवत नाहीत आणि लिफ्टचं बटण स्वतः दाबून पुन्हा एकदा दाबतात, त्यांनी केकची बशी एका हातात धरली आणि दुसऱ्या हाताने माझ्या पडद्यावरचा पहिला ठिपका मोठा करून बघितला. मग दुसरा. मग तिसरा. तारा कितीही अंधुक असला तरी टोकदार ठिपका असतो. हे कडेला पसरलेले होते, ओल्या टिपकागदावरच्या शाईसारखे. अठराच्या अठरा लांबच्या दीर्घिका. मी गुच्छातलं एकही माणूस न पकडता शेजारच्या गावातले अठरा जण पकडून आणले होते. बाईंनी बशी खाली ठेवली. केक तोवर जवळजवळ संपला होता, ही एक त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

म्हणजे बाकापलीकडे कोणीच नव्हतं. महिनाअखेरीला तीन आठवडे. दोन दिवस मी झेरॉक्सच्या उन्हाळ्यात नुसती बसून राहिले. उशी घरी नेण्यासाठी पिशवीसुद्धा आणली. आणि मग मला तू प्रुफं तपासायचीस तो छापखाना आठवला. तुला आठवतं का, संध्याकाळी सगळे निघाले की तू कचऱ्याची टोपली टेबलावर उपडी करायचीस, आणि मालक म्हणायचे, 'बाई, घरी काही काम नसतं का?' तू म्हणायचीस, चूक पानावर सापडली नाही तर ती टोपलीत असते. मी माझी टोपली उपडी केली. चार हजार तीनशे बारा ठिपके.

ते कसे तपासायचे हा प्रश्नच नव्हता. कॉलेजच्या चार वर्षांत जेवणं झाली की आपण दोघी त्या हिरव्या टेबलाशी बसायचो. मी मूळ प्रत मोठ्याने वाचायची, तू प्रुफावर बोट ठेवून ऐकायचीस, व्यापाऱ्यांच्या डिरेक्टरीतली नावं, पत्ते, नंबर, स्वल्पविरामासकट. माझ्या मैत्रिणी त्या वेळी फिरायला जायच्या आणि मी 'गाद्यांचे दुकान, शून्य, दोन, दोन' म्हणत बसायची, तेव्हा मी तुझ्या नावाने किती बोटं मोडली ते आता सांगत नाही. एखादा 'ह्यात एकही चूक नाही' असं म्हणत प्रूफ घेऊन आला की तू बाकी सगळं बाजूला सारून आधी चष्मा शोधायचीस. तर मी तीच पद्धत लावली. माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी बसतो, त्याला सगळे लांब्या म्हणतात (उंचीमुळे, शिवाय तो वाक्यंही लांबवतो). त्याने जुन्या फोटोतली जागा मोठ्याने वाचायची, मी नव्या फोटोत बोट ठेवायचं. आमच्या आवाजाला कंटाळून लोकांनी आम्हाला भांडारखोलीत हाकललं. तिथे जुन्या खुर्च्यांच्या ढिगात पाच दुपारी आम्ही आकडे म्हणत बसलो. सफाईवाल्या ताई दारातून डोकावून गेल्या आणि खाली जाऊन सांगितलं की ती केकवाली आता काहीतरी पुटपुटत असते.

आणि झालं काय, तर टोपलीतले शेकडो ठिपके नव्या फोटोत सापडत होते, पण जागेवर नाही. जरासे बाजूला. प्रत्येक वेळी तेवढेच आणि त्याच बाजूला. लांब्या वाचायचा, मी म्हणायची 'चुकलाय, खाली उजवीकडे', की पुढचा, 'खाली उजवीकडे'. पाचव्या दिवशी मी रडकुंडीला आले. मला वाटलं फोटोच वाकडा बसलाय, चाळणी गेली, फोटो गेला, आता नोकरीही जाणार. तो रविवार होता. तू नेहमीप्रमाणे फोन केलास. मी आईला सांगत नाही ते सगळं तुला सांगितलं. तुला त्यातलं काय कळलं देव जाणे, तू भाजी निवडत होतीस. सगळं ऐकून तू म्हणालीस, 'एक जण चुकला तर ती चूक, अगं. सगळे सारखेच चुकले तर ती चूक नसते. ते मिळून सरकलेत.' आणि लगेच तू पाण्याच्या टाकीला झाकण नाही यावर आलीस, आणि बोलता बोलता दूध उतू गेलं.

मी फोन हातात धरून उभी राहिले. मला डिरेक्टरीतलं ते पान आठवलं, चावीवाल्याचं. आपल्या गल्लीतल्या चावीवाल्याच्या नावापुढे दुसराच नंबर छापला होता, आणि तो तुझ्या नजरेत भरला कारण काका दर आठवड्याला किल्ली विसरायचे आणि त्याचा नंबर तुला पाठ झाला होता. (काका, हे मोठ्याने वाचलंत तरी चालेल.) दुसरं कोणी असतं तर तेवढा एक नंबर दुरुस्त करून मोकळं झालं असतं. तू आधी शेजारची ओळ बघितलीस, मग तिच्या शेजारची. अख्खा रकाना एका ओळीने खाली घसरला होता. दंतवैद्याला फोन लावणाऱ्याला गाद्या मिळाल्या असत्या. प्रत्येक नंबर खरा होता, फक्त सगळे मिळून सरकले होते.

अगं, गुच्छ चालत असतो. लाखो तारे एकत्र, एकाच दिशेने. बारा वर्षांत इतक्या लांबून ते चालणं केसाएवढं दिसतं, पण दिसतं. जे गुच्छाचे, ते सगळे सारखेच सरकणार. जे जागेवर राहिले ते परके. म्हणजे मी नियम बरोबर उलटा लावला होता: घरच्यांना टोपलीत आणि परक्यांना केकवर. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. गेल्या वर्षी मीच ते तीस मुलांना शिकवलं, फळ्यावर बाण काढून. ठळक ताऱ्यांसाठी कोणीतरी फार पूर्वी बनवलेली पद्धत हे सरकणं आपोआप धरते, अंधुकांसाठी मी स्वतः काहीतरी करायला गेले आणि नेमकं तेच विसरले. कळतं पण वळत नाही म्हणतात, ते हेच. लांब्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'मला वाटलं तुला माहीत असेल.' पाच दुपारी तो माझ्यासमोर बसून 'खाली उजवीकडे' ऐकत होता. त्याला मी अजून पुरतं माफ केलेलं नाही.

मग सरकलेले तेवढे निवडले. काटकसरी ताऱ्यांची रांग आली, विरळ होत गेली, संपली. रिकामा बाक आला. आणि त्याच्या पलीकडे अकरा ठिपके. ह्या वेळी मी केक आणला नाही. लांब्याने आणि मी प्रत्येक ठिपक्यावर वकिलांसारखे वाद घातले. दोन यंत्राचे डाग निघाले, एक दीर्घिका, आणि एकावरून आमचं इतकं वाजलं की शेवटी तो सोडूनच दिला. राहिले सात. प्रमुखबाईंनी ते स्वतः एकेक मोठे करून बघितले, मग दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा बघितले, आणि म्हणाल्या, 'हं.' त्यांच्या तोंडून 'हं' ऐकायला लोक निवृत्त होईपर्यंत थांबतात. समितीने माझी दोन वर्षं वाढवली. उशी जागेवर आहे.

मावशी, ह्यातलं माझं काय आणि तुझं काय, ते मी मोजून बघितलं. फोटो दुर्बिणीचे. गणित इतरांचं. चुका माझ्या. बाकी टोपली उपडी करणं, मोठ्याने वाचणं, शेजारची ओळ बघणं, एकाला चूक म्हणण्याआधी बाकीच्यांकडे बघणं, हे सगळं त्या हिरव्या टेबलावरचं. बाबा गेल्यावर आईला मला कॉलेजला पाठवणं झेपत नव्हतं. तू मला दोन खोल्यांच्या घरात घेतलंस आणि एकदाही ते मला जाणवू दिलं नाहीस, उलट 'मला वाचून दाखवायला कोणीतरी हवंच होतं' असं सांगून माझ्यावरच उपकार चढवलेस. मला ते तेव्हा खरं वाटलं होतं. आता मीच कोणालातरी समोर बसवून वाचायला लावते, तेव्हा कळतं की चुकत चुकत वाचणाऱ्या मुलीपेक्षा एकटीने तपासणं कितीतरी सोपं असतं. ते तू चार वर्षं केलंस. मी तुझी फार ऋणी आहे, आणि आता दूध उतू गेलं तरी मी हे लिहिलेलं खोडणार नाही.

काकांना सांग, खोकल्याचं औषध बाटलीवर लिहिलंय तेवढंच घ्यावं. गुडघ्यांना शेक दे. इथे आता थांबते.

तुझी,
टोपलीतून वर काढलेली भाची

ता. क. शोधनिबंध छापायला घेतलाय. त्यात मोठा तक्ता आहे, दोन हजारांवर तारे आणि शेवटच्या सात ओळी बटूंच्या, नुसते आकडेच आकडे. छापखान्याकडून त्याची प्रुफं आठ आठवड्यांनी येतील. एक रकाना घसरला तरी माझे सातही बटू पुन्हा परक्या गावाला जातील, आणि ह्या वेळी सगळ्या जगासमोर. प्रमुखबाईंनी विचारलं, प्रुफं कोण बघणार? मी तुझं नाव सांगितलं. चावीवाल्याची गोष्टही सांगितली. त्या 'हं' म्हणाल्या. म्हणजे ठरलं. निबंधाच्या शेवटी आभारात तुझं नाव आहे, ते बरोबर छापलंय का तेही तूच बघायचं आहेस.

ता. क. २. आता शपथ मोडते, आईला मी बघून घेईन. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, शस्त्रक्रियेनंतर नवा चष्मा लागायला सहा आठवडे धरा. आठातून सहा गेले, तेव्हा पुढच्या गुरुवारी अकरा वाजताची वेळ घेतली आहे. त्याची चिठ्ठी काकांनी गुपचूप आणली, ती चार दिवस त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे (काका, खोकू नका). एका वेळी एकच डोळा. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळारी काकांचा डोळा तीस वर्षांपूर्वी अशाच शस्त्रक्रियेत गेला आणि तेव्हापासून तुझ्या मनात भीती बसली, हे मला माहीत आहे. उरलंय तेवढंही जाईल असं तुला वाटतं. मलाही भीती वाटते. पण मागच्या सुट्टीत तू चहा कपाच्या शेजारी ओतलास आणि मग मलाच रागावलीस, तेही एक वेळ चाललं असतं. मी दारात उभी होते, अगदी समोर, आणि मी बोलेपर्यंत तू मला ओळखलं नाहीस. ते मला सोसवत नाही. प्रुफं हे निमित्त आहे, हे तुझ्यापासून लपणार नाहीच, तर लिहूनच टाकते. रजा टाकली आहे. बुधवारी संध्याकाळी तुझ्या दारात असेन. गेल्या वेळसारखीच गप्प उभी राहीन म्हणत होते, पण नको, आधीच हाक मारीन.

ता. क. ३. त्या सात ओळींचा तक्ता सोबत जोडला आहे. काकांना तो वाचता येईल, पण तपासता येणार नाही. तसं काही काम नाही म्हणा. मी चार वेळा बघितलाय, लांब्याने दोनदा. ह्यात एकही चूक नाही.